‘खोगीरभरती’ यांना, जरा सविस्तर

मागच्या आठवड्यात इथे शर्यतीच्या मोठ्या घोड्यांवर लिहिलं होतं, मोठेपण त्यांच्या हृदयात असतं असा एकंदर सूर होता. सेक्रेटॅरिएट, फार लॅप, एक्लिप्स वगैरे. त्याखाली ‘खोगीरभरती’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. एरवी माझ्याकडे ‘छान, पुलेशु’च्या (पुढील लेखनाला शुभेच्छा) पलीकडे कोणी जात नाही, त्यामुळे लांबलचक मजकूर पाहून आधी आनंदच झाला. तो तिसऱ्या वाक्यापर्यंत टिकला.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फार लॅपला मी ऑस्ट्रेलियन म्हटलं, तो जन्माने न्यूझीलंडचा. अमेरिकेच्या सेक्रेटॅरिएटचं हृदय 22 पौंडांचं होतं असं मी लिहिलं, ते कोणी काट्यावर ठेवलंच नव्हतं. मोठं हृदय म्हणून घोडा मोठा, ही पश्चातबुद्धी आहे, कारण हरलेल्या घोड्यांची छाती कोणी उघडून बघत नाही. मुंबईत बसून लिहिता आणि यादीत एक भारतीय घोडा नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘लेखकाने घोडा फक्त यूट्यूबवर पाहिलेला दिसतो, ज्याला घोड्याच्या घामाचा वास माहीत नाही त्याने हृदयाच्या गोष्टी सांगू नयेत.’

पहिलं मान्य. फार लॅप न्यूझीलंडात तिमारूजवळ जन्मला आणि ऑस्ट्रेलियात मोठा झाला. 51 शर्यती, 37 विजय, 1930चा मेलबर्न कप, आणि 1932मध्ये अमेरिकेत अचानक मृत्यू. आज त्याचं कातडं मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला आणि हृदय कॅनबेराला आहे. मेल्यावरही ज्याची दोन देशांत वाटणी झाली, त्याचं गाव मी चुकवलं. दुरुस्ती केली आहे, आभार. चूक कबूल करताना मला कमीपणा वाटत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता ते शेवटचं वाक्य.

तुम्ही बाई आहात की बुवा, मुंबईचे की आणखी कुठले, मला माहीत नाही. मुद्दा खोडायला माझी हरकत नाही, रोज खोडा. पण माणसाची चौकशी न करता त्याने काय पाहिलंय आणि काय नाही हे परस्पर ठरवायचं, तेही टोपणनावाआडून, याला आमच्या चाळीत वेगळा शब्द होता. तो इथे लिहीत नाही.

मी सात रस्त्याला वाढलो. तिथून महालक्ष्मीचं रेसकोर्स पायी गाठता येतं. माझा सख्खा मामा तिथल्या एका तबेल्यात सईस होता. सईस म्हणजे घोड्याला फिरवून आणणारा गडी असं समजत असाल तर तेही दुरुस्त करून घ्या. पहाटे चारला उठून त्याची लीद काढायची, खरारा करायचा, चारी पायांवरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का बघायचं, मॉर्निंग वर्कहून, म्हणजे सकाळच्या सरावाहून आला की तो थंड होईपर्यंत चालवायचं. पावसाळ्यात घोडे पुण्याला जायचे आणि त्यांच्याबरोबर मामाही. मामीचं म्हणणं असं की, याच्या लग्नाच्या पत्रिकेवर घोड्याचं नाव छापायला हवं होतं.

दिवाळी झाली, मुंबईचा सीझन सुरू झाला की रविवारी मामा मला घेऊन जायचा. स्टँडमध्ये नाही हो, तिथे टाय लावलेली माणसं. आम्ही मागच्या बाजूला. त्यामुळे मी शर्यतीपेक्षा शर्यतीनंतरचे घोडे जास्त पाहिलेत. नाकपुड्या आतून लालभडक. मानेवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आलेल्या. लगाम घासतो तिथे आणि मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस, साबण चोळावा तसा. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्याने फेस होतो, हे मी पुढे कधीतरी वाचलं. वास मात्र आधीच माहीत होता. ओलं गोणपाट, त्यात थोडा गूळ आणि गंजलेलं लोखंड, असा काहीसा. मामाच्या सदऱ्याला तो असायचा, त्याच्या उशीलाही असायचा. तो गेल्यावर मामीने सदरे धुतले तेव्हा मी तिथे होतो. यूट्यूबवर वास येत नाही, साहेब.

एकदा, मी नऊ-दहा वर्षांचा असेन, मामाने एका बदामी घोड्याच्या डाव्या बाजूला, कोपराच्या मागे, माझा हात धरून ठेवला. म्हणाला, गप उभा राहा. आधी काहीच लागेना. मग आतून एक ठोका आला, कोणीतरी बंद दारावर एकदाच मूठ मारावी तसा. मग इतका वेळ काही नाही की मला वाटलं, थांबलं की काय. मग दुसरा. निवांत घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीसदाच पडतं. तेच भरधाव असताना दोनशेच्या वर जातं. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने, आणि भरधाव असताना एका झेपेला एक श्वास, असा हिशेब पक्का असतो. प्लीहेत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी तो धावताना रक्तात सोडतो. हे सगळं नंतरचं, पुस्तकातलं. पण ‘हृदयाच्या गोष्टी’ सांगायचा परवाना लागत असेल, तर माझा तिथे, त्या बदामी कातडीवर मिळालेला आहे.

असो. राहिलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

वजन. होय, 1989मध्ये सेक्रेटॅरिएटला लॅमिनायटिस या खुरांच्या आजारामुळे मरण द्यावं लागलं. त्यानंतर ज्या डॉक्टरांनी ते हृदय पाहिलं त्यांनी ते तोललं नव्हतं. पुढे त्याचा प्रतिस्पर्धी शॅम मेला, त्याचं हृदय तोललं, ते 18 पौंड भरलं, आणि त्यावरून 22चा अंदाज बांधला गेला. ‘अंदाजे’ हा शब्द मी लिहायला हवा होता. पण असल्या एका शब्दासाठी सगळा लेख ‘व्हॉट्सॲप विद्यापीठ’ ठरवायचा? सर्वसाधारण घोड्याचं हृदय आठ-नऊ पौंडांचं असतं. अंदाज दोन पौंडांनी चुकला तरी ते दुपटीच्या वरच राहतं.

आणि शॅमचं काय, असं तुम्ही विचारता. एवढं मोठं हृदय असून तो हरला ना? मग मोठेपण हृदयात कसं? मुळात मी ‘हृदय’ म्हणालो ते फक्त पंपाबद्दल नव्हतं. तुम्ही शब्दाला शब्द लावून वाचता म्हणून स्पष्ट करतो. पंप शॅमकडे होता. 1973च्या अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत त्याने स्टार्टिंग गेटवर तोंड आपटून घेतलं, दात सैल झाले, आणि तरी तो अडीच लेंग्थने, म्हणजे अडीच घोड्यांच्या लांबीने मागे राहून दुसरा आला. दुसऱ्या कुठल्याही वर्षी जन्मला असता तर आज त्याच्यावर लिहिलं असतं. त्याच डर्बीत सेक्रेटॅरिएटने प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात काढला. पहिला 25.2 सेकंदांत, शेवटचा 23मध्ये. सव्वा मैलाच्या शर्यतीत शेवटी शेवटी घोडा मंदावतो, सगळेच मंदावतात. कोण कमी मंदावतो यावर निकाल लागतो. हा वेग वाढवत गेला.

मग 9 जून, बेलमाँटची शर्यत. दीड मैल, म्हणजे आपल्या महालक्ष्मीच्या डर्बीचे 2400 मीटर आणि वर थोडे. घोडे पाचच. सेक्रेटॅरिएट आणि शॅम सुटले तेच वेड्यासारखे. पहिले सहा फर्लांग, म्हणजे पाऊण मैल, 1 मिनिट 9.8 सेकंदांत. एवढ्या लांब शर्यतीत ही आत्महत्या समजली जाते, आणि शॅमची ती झालीच, तो शेवटचा आला. सेक्रेटॅरिएटपुढे कोणी नव्हतं, मागेही कोणी उरलं नाही. 31 लेंग्थ. आपल्या लोकलचे साडेतीन डबे लागोपाठ ठेवले तर जेवढं होईल तेवढं अंतर. वेळ 2 मिनिटं 24 सेकंद. त्या शर्यतीत त्याहून कमी वेळ आजवर कोणी नोंदवलेली नाही. शर्यत केव्हाच जिंकून झाली होती, घोड्याला हे कळत नसेल असं मी मानत नाही. मग तो कोणासाठी धावत होता? माझ्या लेखात ‘हृदय’ होतं ते हे. विजयाच्या तिकिटावर दोन डॉलरला दोन डॉलर वीस सेंट मिळत होते, आणि 5,617 तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, घरी ठेवून दिली. आमच्या चाळीतल्या कुठल्याही रेस खेळणाऱ्याला हे सांगून बघा. लागलेलं तिकीट घरी ठेवणारा माणूस त्याला दाखवा, तो आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ताप बघेल.

तोच घोडा पुढे दोन महिन्यांत ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला, हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहितो. म्हणजे पुन्हा उजेड पाडायला यायला नको.

भारतीय घोडे. यादी जगाची होती, गावजेवणाची नव्हती. तरी हौस असेल तर घ्या: स्क्वॉन्डरर, 19 शर्यती, 18 विजय. पहिली इंडियन डर्बी 1943 साली जिंकली ती प्रिन्सेस ब्युटिफुल, बडोद्याच्या महाराजांची घोडी. याच गायकवाडांनी 28,000 गिनीला, तेव्हाच्या विक्रमी किमतीला, इंग्लंडात एक शिंगरू घेतलं आणि आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. 1947मध्ये त्याने आयरिश डर्बी आणि इंग्लंडचं सेंट लेजर जिंकलं. स्वातंत्र्य मिळालं त्याच सालात इंग्रजांच्या मैदानात लाऊडस्पीकरवर ‘सयाजीराव’ ऐकू येत होतं. हे तुम्हाला माहीत होतं का? मी पुरावा मागत नाही, नुसतं विचारतोय.

उरला पश्चातबुद्धीचा मुद्दा. जिंकलेल्यांचीच छाती उघडतात, हरलेल्यांची नाही. यावर मला खास काही म्हणायचं नाही. ललित लेखाला प्रयोगशाळेची मोजपट्टी लावायची नसते, इतकंच.

आणि तो बदामी घोडा. त्याचं नाव मामाने सांगितलं होतं आणि मला ते पाठ आहे. इथे देत नाही, नाहीतर तुम्ही जुनी रेसची पुस्तकं काढून बसाल. काही सापडणार नाही. तीन सीझन धावला, एकदाही पहिला आला नाही. हे तुमच्याच पथ्यावर पडतंय, कळतंय मला. मामा मात्र शेवटपर्यंत म्हणायचा, असं काळीज मी दुसऱ्या जनावरात पाहिलं नाही.