रुसा, पण तिकीट काढा

सर्वात आधी तारीख ठरवून घ्या. म्हणजे तुमचा बँड नेमका कधी बिघडला, ती तारीख. ज्याच्याकडे अशी तारीख नाही तो नुसता श्रोता. त्याला चाहता म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. तारीख काढायची रीत अगदी सोपी आहे. तुम्ही सोळा वर्षांचे असताना आलेला अल्बम हा बँडचा शेवटचा चांगला अल्बम. त्यानंतरची सगळी उतरण. आता तुमच्या मोठ्या भावाला हाच बँड तुमच्या चार वर्षं आधी बिघडलेला वाटतो आणि धाकट्या बहिणीला चार वर्षं नंतर, याकडे लक्ष देऊ नका. त्यांना संगीतातलं कळत नाही.

बँड म्हणजे कुठल्या जातीचा, हेही सांगून टाकतो: हार्ड रॉक, हेवी मेटल. गिटारी अशा की शेजारचे दार वाजवतील, ड्रम असे की छातीत धडकी भरेल. पण मधूनच चाल अशी निघते की ती आंघोळ करताना गुणगुणता येते. नुसता दणदणाट करणाऱ्यांचे चाहते एकूण समाधानी असतात. त्यांनी दणका मागितला, दणका मिळाला, हिशेब मिटला. आपलं तसं नाही. चाल आली की भावना आली, आणि भावना आली की हक्क आला.

या हक्काची पहिली परीक्षा बॅलडच्या, म्हणजे संथ, हळव्या गाण्याच्या वेळी होते. स्कॉर्पियन्सचं घ्या. १९६५ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये रुडॉल्फ शेंकरनं हा बँड काढला. सत्तरच्या दशकात उली जॉन रॉथची गिटार, ऐंशीच्या दशकात स्टेडियमं हलवणाऱ्या रिफ, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी. आणि जगाला काय ठाऊक? शीळ! ऑगस्ट १९८९ मध्ये हे लोक मॉस्कोच्या रॉक महोत्सवात वाजवून आले. तिथं जे पाहिलं त्यावर गायक क्लाउस माइननं एक संथ गाणं रचलं आणि सुरुवातीला स्वतःच शीळ घातली. पुढे बर्लिनची भिंत पडली, जर्मनी एक झाली, सोव्हिएत संघ मोडला, आणि ती शीळ त्या सगळ्या उलथापालथीचं पार्श्वसंगीत होऊन बसली. इतिहासाच्या पुस्तकात या काळाबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. खऱ्या चाहत्यावर काय प्रसंग गुदरला, त्याबद्दल मात्र एक ओळ नाही. काल-परवापर्यंत जो बँड आपल्या एकट्याचा होता, तो आता मामीलाही आवडू लागला होता.

तेव्हा कुणी कौतुकानं ‘म्हणजे ते शीळवाले ना?’ असं विचारलं, तर रागावू नका. किंचित हसा, डोळे मिटा आणि ‘उली रॉथ गेला तिथंच सगळं संपलं,’ एवढंच म्हणा. तो १९७८ मध्ये बँड सोडून गेला. तुमचा जन्म त्यानंतरचा असेल तरी बिघडत नाही. दुःख वारशानं मिळतं. घरी दार लावून ती शीळ तुम्ही कितीदा ऐकली आहे, हे कुणाला सांगायची गरज नाही.

दुसरा भाग बदलाचा. बँड बदलला तर तो विकला गेला. बदलला नाही तर तो आटला. या दोन वाक्यांवर एक अख्खा चाहता आयुष्यभर जगू शकतो. मेटालिकाचे चाहते तर यावर तीन पिढ्या जगले. (मेटालिकाला चालीचा बँड म्हणावं का, यावर वाद आहे. तो घालणं हेही कर्तव्यच.) १९९६ मध्ये त्या चौघांनी केस कापले. माणसं न्हाव्याकडे जातात, ही तशी जुनी गोष्ट. पण त्या केसांवर आपली मालकी होती, आणि आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. अल्बममध्ये काय वाजलंय ते ऐकण्याआधीच निम्मे लोक फोटो बघून रुसले. २००३ च्या अल्बममध्ये गिटारचे सोलोच नव्हते आणि स्नेअर ड्रमचा आवाज रिकाम्या पातेल्यावर पळी आपटल्यासारखा होता, पुन्हा रुसवा. २००८ मध्ये सोलो परत आले, मग आवाज फार ठासून भरलाय म्हणून अल्बम नव्यानं मिक्स करा असे सह्यांचे अर्ज निघाले. गंमत म्हणजे तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जरा मोकळी वाजत होती, तेव्हा चाहत्यांनी ती गेममधून काढून घेतली. बँडच्या हातून बँड वाचवण्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

किस या बँडनं चेहऱ्यावरचा रंग १९८३ मध्ये पुसला आणि १९९६ मध्ये पुन्हा लावला. दोन्ही वेळा नाराज झाला असाल तर तुमचं बरं चाललं आहे.

किसचं नाव निघालंच आहे तर संघटनेचंही सांगतो. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात टेरे होट गावच्या रेडिओ स्टेशननं यांची गाणी लावायला नकार दिला. तिथल्या दोन पोरांनी स्वतःला ‘किस आर्मी’ म्हणवत स्टेशनवर पत्रांचा आणि फोनचा मारा केला. शेवटी गाणी लागली. बँडला हे फार आवडलं. इतकं, की त्यांनी ती आर्मी आपलीशी केली आणि तिचं सभासदत्व विकायला काढलं. जगातल्या बाकी सैन्यांत पगार सैनिकाला मिळतो. इथं सैनिक वर्गणी भरतो. पुढे बँडनं स्वतःच्या चित्रांची शवपेटीही बाजारात आणली. म्हणजे नातं नुसतं तोंडी जन्मभराचं नव्हतं, त्याच्या पुढचीही सोय होती. टी-शर्टच्या किमतीवर कुरकुर करण्याआधी हे आठवत जा.

आता गायक. इथं जरा थांबायला हवं, कारण खरी निष्ठा इथं दिसते. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडला आणि त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. ब्लेझचा गुन्हा एकच होता: तो ब्रूस नव्हता. त्याचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला, आणि त्याला रोज रात्री दुसऱ्याच्या उंच गळ्यासाठी बांधलेली गाणी गायला उभं केलं जायचं. चाहत्यांनी त्याला सावत्र आईसारखं वागवलं. तिनं काहीही रांधलं तरी मीठ कमीच. १९९९ मध्ये ब्रूस परतला, आणि येताना गिटारवाला एड्रियन स्मिथही आला. मग चमत्कार घडला. ब्लेझच्या काळातली एक-दोन गाणी ब्रूस गाऊ लागला आणि हजारो लोक ती गळा फोडून म्हणू लागले. तर नियम असा: नवा गायक असेपर्यंत त्याला छळा, तो गेला की ‘त्या बिचाऱ्याला न्याय मिळाला नाही’ असं आधी आपणच म्हणा. उशीर केलात तर दुसरा कुणीतरी म्हणून जाईल.

जुडास प्रीस्टची गोष्ट तर याहून नाजूक. गायक रॉब हॅलफर्ड बँड सोडून गेल्यावर १९९६ मध्ये त्यांनी टिम ओवेन्सला घेतलं. हा अमेरिकेत प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडमध्ये होता. त्याच्या गाण्याची व्हिडिओ टेप बँडपर्यंत पोहोचली आणि नोकरी मिळाली. म्हणजे आरशासमोर कंगवा धरून गाणारा आपल्यातलाच एकजण थेट स्टेजवर गेला. सगळ्या चाहत्यांनी आयुष्यभर बघितलेलं स्वप्न ते. म्हणूनच त्याला माफ करणं अवघड होतं. २००३ मध्ये हॅलफर्ड परत आला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात थोडी असूया सुटल्याचाही आवाज असावा.

काही गोष्टी मात्र वाचू नका, त्यांनी मन मऊ पडतं. उदाहरणार्थ, डेफ लेपर्डचा ड्रमवाला रिक एलन. ३१ डिसेंबर १९८४ रोजी गाडीच्या अपघातात त्याचा डावा हात गेला. वय एकवीस. दोन हात आणि दोन पाय लागणारं वाद्य, आणि आता एक हात नाही. बँडनं दुसरा ड्रमवाला शोधला नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमचा संच जुळवला गेला, डाव्या हाताचं काम डाव्या पायाकडे दिलं गेलं, आणि ऑगस्ट १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मैदानात प्रचंड गर्दीपुढे तो वाजवायला बसला. अल्बम आला तो ऑगस्ट १९८७ मध्ये, आधीच्या अल्बमनंतर चार वर्षांहून जास्त काळानं. स्कॉर्पियन्सच्या माइनचाही आवाज १९८१ मध्ये असाच गेला होता. घशावर शस्त्रक्रिया झाल्या, तो स्वतः ‘दुसरा बघा’ म्हणाला, आणि बाकीचे थांबले. या सगळ्या वेळी चाहता काय म्हणत होता? ‘अल्बमला एवढा उशीर का?’ प्रश्न रास्तच आहे. फक्त तो विचारताना या दोन गोष्टी आठवल्या तर आवाजातला तोरा जातो, म्हणून म्हटलं वाचू नका.

कॉन्सर्टला कसं वागावं, हा विषय मोठा आहे. बँडनं जुनीच गाणी वाजवली तर ‘यांच्याकडे नवीन काही नाही’ म्हणा. २००६ मध्ये आयर्न मेडननं उलटं केलं: नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवला. लांबलचक, गंभीर, युद्धावरची गाणी. पैसे भरून आलेला जुना चाहता हाताची घडी घालून उभा. त्याचं बरोबरच होतं. बँड जिवंत आहे याचा इतका ढळढळीत पुरावा कुणी मागितला होता? असा अल्बम दहा वर्षं मुरू द्यावा आणि मग ‘दुर्लक्षित ठेवा’ म्हणून आपणच शोधून काढावा.

एका जागी मात्र सांभाळा. याच मंडळींच्या १९९२ च्या अल्बमचं शीर्षकगीत आहे, अंधाराच्या भीतीचं. ते सुरू झालं की गर्दी शब्दांची वाट बघत नाही, गिटारची चालच गाऊ लागते. ‘ओ ओ ओ’ एवढंच. भाषा कुठलीही असो, शब्द नसलेली ती ओळ सगळ्यांना तोंडपाठ असते. त्या क्षणी तुमच्या बाजूला उभा असलेला माणूस ब्लेझवाला आहे की ब्रूसवाला, केस कापलेला की न कापलेला, हे कळायला मार्ग राहत नाही. चाहत्याच्या शिस्तीला हे फार घातक. उपाय एकच: मोबाइल उंच धरा आणि चित्रीकरण करा. हात गुंतले, डोळे गुंतले, की माणूस वाहवत नाही. २०२५ च्या दौऱ्याआधी बँडचा मॅनेजर रॉड स्मॉलवूडनं फोन खिशात ठेवा, कार्यक्रम डोळ्यांनी बघा, अशी विनंती केली होती. त्याला काय जातं सांगायला? तो तर पहिल्यापासून फुकटात बघतोय.

राहिला निरोप. चालीचा बँड कधी मरत नाही, तो फक्त निरोप घेतो. किसनं २००० मध्ये निरोपाचा दौरा काढला. मग २०१९ मध्ये आणखी एक काढला, तो डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला संपला, आणि त्याच रात्री पडद्यावर त्यांची संगणकानं घडवलेली रूपं येऊन वाजवू लागली. ब्लॅक सबाथ बँडचा मूळ गायक ऑझी ऑसबोर्न, त्याच्या १९९२ च्या दौऱ्याच्या नावाचा अर्थच ‘यापुढे दौरे नाहीत’ असा होता. २०१८ मध्ये त्याच नावाचा दुसरा भाग निघाला. स्कॉर्पियन्सनी जानेवारी २०१० मध्ये शेवटचा अल्बम आणि शेवटचा दौरा जाहीर केला. तेव्हा ज्यांनी महाग तिकीट काढून मनसोक्त रडून घेतलं, त्यांना २०१५ मध्ये नवा अल्बम आल्यावर आपण फसवले गेलो असं वाटलं. अश्रू परत मागता येत नाहीत. म्हणून पहिल्या निरोपाला रडू नये, दुसऱ्याला चिडावं, तिसऱ्याला जावं.

५ जुलै २०२५ रोजी हॅनोव्हरमध्ये स्कॉर्पियन्सनी आपली साठ वर्षं साजरी केली. जुडास प्रीस्ट तिथं वाजवणार होते, म्हणून त्याच दिवशी बर्मिंगहॅमला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलखात, ब्लॅक सबाथचा शेवटचा कार्यक्रम होता तिथं त्यांना जाता आलं नाही. बर्मिंगहॅमला ऑझी सिंहासनावर बसून गायला. पाय साथ देत नव्हते. तिथं असता तर नियमाप्रमाणे ‘१९७० चा आवाज राहिला नाही’ असं तुम्हाला म्हणता आलं असतं. सतरा दिवसांनी तो गेला. या निरोपासाठी माझ्याकडे सूचना नाहीत.

तर तिकिटाचं. चारचौघांत आधीच जाहीर करा की या वेळी आपण जाणार नाही, आता त्यात काही राम राहिलेला नाही. मग विक्री सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी संगणकापुढे बसा. जायच्या दिवशी सोळाव्या वर्षीचा टी-शर्ट घाला. पोटावर ताणला गेला तर श्वास आत घ्या, चित्रातला राक्षस थोडा लठ्ठ दिसेल इतकंच. जुनी गाणी चालू असताना तक्रारीला जागा शोधत राहा. गायकानं नव्या अल्बमचं नाव घेतलं की लगेच पाणी आणायला निघा, जाताना मान हलवा, चार लोकांना दिसेल अशी. आणि पाण्याच्या रांगेत उभं असताना लक्षात आलं की मागून येणाऱ्या त्या नव्या गाण्याचे सगळे शब्द आपल्या तोंडात आहेत, तर आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, तेवढं बघून घ्या.