पेपर वाढवून काय होणार?
नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सामाजिक न्यायाचा वेगळा पेपर हवा असं लेखात म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. मी बरीच वर्षं सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी, होते. कम्युनिटी पोस्टिंगला मुली वस्तीत जायच्या, फॅमिली फोल्डर म्हणजे घरोघरची आरोग्याची माहिती भरायच्या, चार्ट लावून पालेभाज्या खा, डाळी खा सांगायच्या, आणि समोरची बाई विचारायची की रेशनकार्डावर नाव नाही तर सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन होईल का, कागद कुठले लागतात? पोरी गप्प, कारण ते परीक्षेत येतच नाही ना! दवाखान्यात या योजनेसाठी मदत करणाऱ्या आरोग्यमित्राकडे कसं पाठवायचं एवढं तरी शिकवा आधी.

आणि दुसरं म्हणजे ज्या मुलीला पहिल्या वर्षापासून डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं नाही, उलट बोललीस तर इंटर्नलचे मार्क जातील असं आपणच शिकवतो, ती उद्या वॉर्डात कोपऱ्यातल्या बेडवरच्या पारधी पेशंटसाठी भांडणार कशी? ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आपण, १८९७ च्या प्लेगमध्ये त्या स्वतः पेशंट आणायला गेल्या आणि त्यातच गेल्या, कोणाची परवानगी मागत बसल्या नव्हत्या. लेखात हॉस्टेल आणि वॉर्डातल्या या दबावाबद्दल एक ओळही नाही.