धाक नको, उपचारांची वाट हवी

वैद्यकीय विद्यार्थ्यांमधील व्यसनांवर आपण छापलेल्या लेखात त्याचा दोष प्रामुख्याने वाईट संगतीला दिला आहे. मला हे निदान अपुरे वाटते. भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरच्या हाताशी फेंटानिल आणि केटामाइन ही वेदनाशमनाची व भुलीची, पण व्यसन लावू शकणारी औषधे रोजच असतात, आणि सलग ३६ तासांच्या ड्यूटीनंतर अर्धी उरलेली अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) 'वाया गेली' अशी नोंद करून खिशात टाकणे फारसे कठीण नसते, म्हणून उरलेले औषध साक्षीदारासमोर, दोन सह्यांनिशीच नष्ट झाले पाहिजे. त्याहून मोठा अडसर भीतीचा आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देते, हे प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यांना सांगायला हवे. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पण नाव फुटले तर पदवी हातची जाईल, या धास्तीने कित्येक जण तिथवर पोहोचतच नाहीत. महाविद्यालयांनी गोपनीयतेची लेखी हमी द्यावी.