बनावट दाव्यांचा खर्च कोण भरतो? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2024मध्ये वडोदऱ्यात आलेल्या पुरानंतरच्या वाहनविम्याच्या दाव्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, ‘बनावट दावे’ ही प्रामाणिक ग्राहकांचे पैसे अडवण्यासाठी कंपन्यांनी शोधलेली सबब असून प्रीमियम वाढतो तो एजंटांच्या कमिशनमुळे. शेजाऱ्यांचे उदाहरणही आपण दिले आहे: सात वर्षे चालू असलेल्या आरोग्य पॉलिसीवरील त्यांचा दावा मधुमेह लपवल्याचे सांगून नाकारला गेला.

कमिशन प्रीमियममधूनच जाते, हे खरे. परंतु त्यामुळे खोट्या दाव्यांचा खर्च नाहीसा होत नाही. उत्तर प्रदेशात बनावट अपघात-दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमण्याचा आदेश 2015 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिला, आणि 2021मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना काही वकील निलंबितही झाले. नुसत्या सबबीवर एवढे घडत नाही. थर्ड पार्टी विम्याचे (आपल्या वाहनामुळे इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई देणाऱ्या विम्याचे) दर देशभरासाठी ठरतात आणि ते ठरवताना दाव्यांपोटी गेलेली रक्कम पाहिली जाते, त्यामुळे तिकडच्या खोट्या अपघाताचा भार वडोदऱ्यातल्या स्कूटरवाल्यावरही थोडाफार पडतोच.

आपली गल्लत होते ती नकाराच्या कारणांत, आणि खेदाची बाब ही की कंपन्यांच्या पत्रांतही ती सर्रास आढळते. विश्वामित्री नदीचे पाणी गाडीत शिरलेले असताना इंजिन सुरू केले आणि ते निकामी झाले, तर इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास तो खर्च सहसा मिळत नाही; इथे कोणी कोणाला फसवलेले नसते. तेच इंजिन ‘मी सुरू केलेच नाही’ असे लिहून देणे, किंवा गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने जुना पोचा पुराच्या नावावर खपवणे, ही मात्र फसवणूक. (नुकसानीची पाहणी करणारा सर्वेअर सीटवरची पाण्याची रेघ आणि दुधाळ झालेले ऑइल पाहतो, हे त्या सल्लागाराला ठाऊक नसावे.) उलट बाजूचे उदाहरण आपल्याच गावचे आहे: रुग्ण रुग्णालयात 24 तास दाखल नव्हता म्हणून नाकारलेला दावा मंजूर करण्याचा आदेश वडोदऱ्याच्या ग्राहक मंचाने मार्च 2023मध्ये दिला, कारण आधुनिक उपचारांना तेवढा वेळ लागतोच असे नाही.

आता शेजाऱ्यांविषयी. विमा नियामकाच्या 2024च्या नियमांनुसार आरोग्य पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिल्यानंतर, माहिती सांगितली नाही एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध व्हावी लागते. म्हणूनच जुन्या पॉलिसींच्या बाबतीत ‘फसवणूक’ हा शब्द वापरण्याचा मोह कंपनीला होणार, आणि म्हणूनच त्याचा पुरावा लेखी मागणे आवश्यक आहे. विम्याची रक्कम मध्ये वाढवली असेल, तर वाढीव भागाचे 60 महिने वेगळे मोजले जातात, तेवढे तपासावे. कंपनीकडे केलेल्या तक्रारीला महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, भरपाईची मर्यादा 50 लाख रुपयांची आहे आणि वकिलाची गरज नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तेव्हा त्यांनी पत्रावरची तारीख आधी पाहावी.