हेल्पर मी होतो

मागच्या रविवारी माधवनगरला एका साखरपुड्याला गेलो होतो. मंडपाबाहेर गाडी लावतोय तोवर एक लांबचे काका आले आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "हीच काय रं ती पुरातली? बापलेकानं घरातच उभी केली म्हणं. वहिनींनी पण मदत केली असंल की!" अण्णा शेजारीच होते. सवयीनं त्यांनी मान डोलावली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आई मागच्या दारातनं उतरतीय. आई काही बोलली नाही, पदर नीट केला आणि आत गेली. अण्णा दिवसभर तिच्या पंक्तीला बसायचं टाळत होते.

ही "मदत" मी सहा वर्षं ऐकतोय. पुरात बुडालेली आमची गाडी घरी कुणी दुरुस्त केली, ते एकदा लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

अण्णांची नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली. माणूस हिशेबाला पक्का, पण दहा-अकराचा पाना कुठला आणि बारा-तेराचा कुठला हे आजही त्यांना आकडा वाचूनच कळतं. आई १९९४ पासून कुपवाडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आहे. शेतावरच्या पंपाची मोटार जळली की तिथं येते. जुन्या कॉइल काढायच्या, स्लॉट साफ करायचे, पेपर घालायचा, नव्या तांब्याच्या तारेचे टर्न मोजून कॉइल बसवायच्या, कनेक्शन, मग वार्निश आणि भट्टी. हे सगळं ती एकहाती करते. आणि तरी हजेरीच्या वहीत पहिली अकरा वर्षं तिच्या नावापुढं "हेल्पर" लिहिलेलं होतं. तिच्यानंतर लागलेली दोन पोरं "मेस्त्री" झाली तरी ती हेल्परच. दुकानाचं नाव सांगत नाही, तिथं ती अजून जाते.

तर २०१९ चा ऑगस्ट. आमचं घर सांगलीच्या गावभागात. गाडी १९९८ ची मारुती एट हंड्रेड, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. अण्णांनी २००६ ला सेकंडहँड घेतलेली आणि मी ती रोज तासगावला कॉलेजवर नेत होतो. जायला पंचवीसेक किलोमीटर, यायला तेवढंच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोराटोरांना पाठ असतं. पण त्या वर्षी सगळ्या गावाचा घात २००५ नं केला. जो तो म्हणायचा, "२००५ ला पाणी इथवर आलं होतं, त्याच्या वर येत नाही." अण्णा पण तेच म्हणाले. २००५ ला आमच्या बोळाच्या तोंडाशी पाणी थांबलं होतं, म्हणून गाडी बोळाच्या आत सुरक्षित! आम्ही पिशव्या घेऊन विश्रामबागला मावशीकडं गेलो आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गाडी टपासकट बुडाली. (पूर कोयना धरणामुळं की अलमट्टीमुळं, हा वाद कृपा करून इथं काढू नका.)

पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा बोळात गुडघाभर गाळ होता. गाडीचा रंग कळत नव्हता. बॅटरी केव्हाच मेलेली असणार, पण माणूस येडा असतो, मी खिशातनं किल्ली काढली. आई मागनं ओरडली, "किल्लीला हात लावशील तर बघ! भिजलेली मोटार कोण चालू करतं का?"

गाड्या पाण्यात बुडून जेवढ्या मरत नाहीत तेवढ्या नंतर किल्ली फिरवल्यानं मरतात. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टरनं पिस्टन वर ढकलला की मधलं पाणी हटत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या शेजारच्या गल्लीत त्या आठवड्यात लोकांनी दुसरी बॅटरी लावून स्टार्टर मारून बघितले. नको तिथं हिंमत. आईला इंजिनातलं काही कळत नव्हतं, आजही ती तसं म्हणते. पण बुडालेली वस्तू आधी उघडायची, धुवायची, वाळवायची, तपासायची आणि मगच करंट द्यायचा, हा नियम ती पंचवीस वर्षं पाळत होती. पंप काय नि मारुती काय.

बॅटरीच्या वायरी सोडल्या. तिन्ही प्लग काढले आणि क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवायला गेलो तर ते हललंच नाही. प्लगच्या भोकांतून थोडं थोडं डिझेल सोडलं, दोन दिवस ठेवलं, मग कुरकुरत हललं आणि मधल्या सिलिंडरमधनं लाल पाण्याची पिचकारी माझ्या शर्टावर. खालचा ड्रेन नट सोडला तर आधी निव्वळ पाणी आलं, कारण पाणी जड, ते तळाला बसलेलं. त्यामागनं दुधाच्या चहासारखं ऑइल. गिअरबॉक्सचं तेच. सीटा, कार्पेट, दारांचे पत्रे सगळं काढून स्वच्छ पाण्यानं धुतलं. नदीचा गाळ वाळला की सिमेंट होतो, म्हणून वाळायच्या आत. रात्री डॅशबोर्डखाली आईनं दुकानातनं आणलेले दोनशे वॅटचे बल्ब लावून ठेवले. लाइट आली होती एवढं नशीब.

आणि मग ती म्हणाली, "आता गाडी नंबरात."

मला समजेना. तिनं सांगितलं, दुकानात नदीकाठच्या मोटारींचा ढीग पडलाय. सगळे ऊसवाले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोटारी आणि पंपाच्या स्टार्टरच्या पेट्या घेऊन येतायत. ज्याचा ऊस उभा राहिलाय त्याला आधी पाणी द्यायला पाहिजे. "तुझी गाडी काय वाळत नाही." त्या दिवसांत ती रात्री नऊला घरी यायची, बोटं वार्निशनं पिवळी. गाडी दिवाळीपर्यंत ताडपत्रीखाली उभी होती. मी एसटीनं तासगावला जात होतो आणि भंगारवाला दर आठवड्याला येऊन "चौदा हजार, आत्ता रोख" म्हणत होता. विमा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीला छदाम नाही.

दिवाळीनंतर रविवार सुरू झाले. यातलं इंजिनाचं काम पटकन सांगतो, कारण ते आमचं नव्हतंच. गल्लीतला एक आयटीआय झालेला पोरगा आला, त्यानं हेड आणि ऑइल पॅन उतरवून पिस्टन काढले, रिंगा बदलल्या, मी त्याला पाने देत होतो. ब्रेक आम्ही कुणीच उघडले नाहीत, ते सरळ गॅरेजला दिले. घरी गाडी करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, हौस इंजिनावर करा, ब्रेकवर नको.

आईचं काम होतं स्टार्टर, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आणि सगळं वायरिंग. बुडालेल्या गाडीत खरी लढाई तिथंच असते. इंजिन लोखंड आहे, ते क्षमा करतं. वायरिंग सहा महिन्यांनी सूड घेतं.

अल्टरनेटर तिनं आयुष्यात पहिल्यांदा उघडला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पेपर टाकून बसली होती. झाकण निघालं, आत गोल स्टेटर, त्यातनं तीन वायरी निघून डायोडच्या प्लेटला गेलेल्या. तिनं बोटानं मोजल्या आणि एकदम हसली. "आरं, ही तर थ्री फेजच हाय की! एवढूशी!" खरंच आहे ते. गाडीत बॅटरी डीसी असली तरी अल्टरनेटर आत पंपाच्या मोटारीला लागते तशी थ्री फेज वीजच तयार करतो, डायोड तिचं डीसी करतात. मी फिजिक्स शिकवतो. हे मी फळ्यावर दहा वेळा काढलेलं आहे. उघडून कधी बघितलं नव्हतं.

स्टेटर तिनं दुकानात नेऊन धुतला, भट्टीत वाळवला, मेगर लावून इन्सुलेशन बघितलं आणि पुन्हा वार्निश केलं. डायोड प्लेट नवी घेतली. स्टार्टरच्या आर्मेचरला कॉइल शॉर्ट आहे का ते ग्राउलरवर बघितलं, कम्युटेटर पॉलिश पेपरनं साफ केला, कार्बन ब्रश आणि बुश नवे टाकले. एकदा मी तार हातात घेऊन म्हणालो, "तुला तर नुसत्या बोटानं गेज कळत असंल." आमच्याकडं अशा गोष्टी सांगायची फार हौस असते, जुन्या माणसांच्या हाताला म्हणे सगळं कळतं. ती म्हणाली, "बोटानं काय कळतंय? मायक्रोमीटर लाव."

वायरिंगचा हार्नेस, म्हणजे टेप गुंडाळलेली वायरींची जुडी, तिनं अख्खा बाहेर काढायला लावला. वरची टेप उकलली, एकेक कनेक्टर सोडला. प्रत्येकात हिरवा गंज. जमिनीवर तो पसारा बघून अण्णांना घाम फुटला. आईनं तिची वही काढली. त्या वहीत तीस वर्षांच्या मोटारी आहेत : किती एचपी, किती स्लॉट, किती टर्न, कुठला गेज. पाच एचपी आणि साडेसात एचपीच्या मधल्या पानावर तिनं लिहिलं "मारुती" आणि खाली वायरींचे रंग मांडले. का/पां म्हणजे काळी-पांढरी, पि/हि म्हणजे पिवळी-हिरवी. कुठून निघाली, कुठं गेली. मी मीटरचा एक पिन धरायचा, ती दुसरा. चार रविवार नुसतं पीं-पीं. जी वायर आवाज देईना ती बाद.

निम्मे फॉल्ट अर्थिंगचे निघाले. गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते, म्हणजे अख्खा पत्रा हीच परतीची वायर. बॉडीला जिथं वायर आवळलेली असते तिथं गंज चढला की दिवे मंद, इंडिकेटर वेडे, स्टार्टर नुसता टकटक. लोक बॅटऱ्या बदलत बसतात. आईनं पहिल्या दिवशीच सगळे अर्थ पॉइंट घासून लखलखीत केले. आणि हेडलाइट. जुन्या मारुतीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधनं जातो, म्हणून स्विच तापतो आणि उजेड पिवळट पडतो. मी रिले लावायचं सुचवलं, समजावायला कागद घेतला. ती म्हणाली, "कळलं, पेटीतला कॉन्टॅक्टर." छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करायचा, झालं. माझा कागद कोराच राहिला.

फेब्रुवारी २०२० मध्ये गाडी चालू झाली. चोक ओढला, तिसऱ्या फेरीला इंजिननं पकड घेतली. गल्लीतली पोरं ओरडली, अण्णांनी नारळ फोडला. आई वाकून बॅटरीवर मीटर लावत होती. "चौदा पॉइंट एक. चार्जिंग बरोबर हाय," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. त्यानंतर मी फोटो काढायला सांगितला. गाडीपुढं अण्णा आणि मी, हातात पाना. फोटो आईनं काढला. तोच फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला आणि तिथनं "बापलेकानं" सुरू झालं. चूक माझीच.

खर्च विचारणाऱ्यांसाठी : सगळं मिळून अडतीस हजार, त्यात ब्रेक, बॅटरी, टायर आणि सीटकव्हर आलं. एवढ्यात झालं कारण ही गाडी होती. १९८३ च्या डिसेंबरात पहिली एट हंड्रेड बाहेर पडली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी हा साचा तीस वर्षं टिकला, म्हणून पार्ट सांगली-मिरजेत आजही मिळतात. कार्बोरेटरवाल्या गाडीत इंजिन चालवणारा कॉम्प्युटर नाही. आजची गाडी टपापर्यंत बुडाली तर आईसुद्धा हात लावणार नाही, आणि मीही लावू देणार नाही. "जुनं ते सोनं" मी म्हणत नाही. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. मी ती हायवेवर नेत नाही. कवलापूर, कवठेएकंद, तासगाव, साठच्या पुढं काटा जात नाही.

जाता जाता एक कामाचं. त्या पुरातल्या कितीतरी गाड्या चकाचक होऊन लांबच्या शहरांत विकल्या गेल्या असणार. सेकंडहँड घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, तळाशी मातीची रेघ असते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. अत्तर मारलेली गाडी असेल तर काचा लावून दहा मिनिटं उन्हात उभी करा आणि मग दार उघडा. गाळाचा वास मरत नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नासच्या वर गेलं. त्या वेळी २००५ नाही, २०१९ नाही, कुठलाच दाखला निघाला नाही. आयर्विनला ३५ झालं तेव्हाच आई म्हणाली, "अहो, गाडी विश्रामबागला लावून या," आणि अण्णा निमूट गेले. २०२३ ला रजिस्ट्रेशन वाढवायला नेली. फी सहाशेची पाच हजार झालेली, वर पर्यावरण कर. तपासणाऱ्या साहेबांनी बॉनेट उघडून वायरिंग बघितलं आणि अण्णांना म्हणाले, "काम नीट केलंय, कुठल्या इलेक्ट्रिशियनकडं?" अण्णा म्हणाले, "घरीच." बरं झालं, पण अजून एक शब्द पुढं जायला पाहिजे होतं. तेवढाही त्यांना जमला नाही.

साखरपुड्याहून आल्यावर मी आईची वही काढून ते पान पुन्हा बघितलं. तिच्या वहीत प्रत्येक कामाच्या खाली दोन ओळी असतात, एक वाइंडर म्हणजे कॉइल भरणाऱ्याची, एक हेल्परची. "मारुती"च्या खाली वाइंडरपुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलंय, पूर्ण, आडनावासकट. हेल्परपुढं माझं. अण्णांचं नाव नाही.

मी तिला विचारलं, हे पान फोटो काढून टाकू का? ती म्हणाली, "टाक की. पण त्या डाव्या इंडिकेटरचं काय झालं ते आधी बघ, लई भराभर मिचमिचतोय. बल्ब गेला असंल." मी म्हणालो, तूच बघ की, मला उद्या लवकर निघायचंय.

"मग नंबर लाव," म्हणाली.