मोंढ्यात नेट जातं, म्हणूनच हे शोध आपल्या कामाचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मागच्या लेखात मी धंद्यातली कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर आणि अनेक मशीनवर पसरलेला डेटा यांच्यामागच्या शोधांबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सार सांगतो. तुमचं आयुष्य परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हिशोब लिहिण्यात गेलं. हे शोध अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या गरजेतून निघाले. ऐन दुपारी लाइट जाते आणि नेट कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही अशा ठिकाणी त्यांचा काय उपयोग, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की काम आपोआप व्हायला लागलं की दाद मागायला माणूस उरत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटला नाही की म्हातारं माणूस रिकामी पिशवी घेऊन घरी जातं. तिसरा, ज्याला मी शोध म्हणतो ते पेटंट घेऊन दुसऱ्याची अडवणूक करायचे कागद आहेत. आणि शेवटी विचारलंत, ‘पोरा, हे सगळं ठीक, पण अडतीला यातलं नेमकं काय लागतं ते सांग.’

पहिला आक्षेप मला अजिबात मान्य नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचाही तोच आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

नेट जाणार, मशीन मधेच बंद पडणार, निरोप वाटेत हरवणार, हे गृहीत धरूनच या विषयातले मोठे शोध लागले आहेत. सगळं सुरळीत चालणार असतं तर त्यांची गरजच पडली नसती. १९७५ सालच्या एका शोधनिबंधात एक कोडं मांडलं गेलं, पुढं १९७८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी त्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हटलं. दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचाय, पण त्यांच्यातला निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. निरोप पोचल्याची पोच पाठवली तर ती पोचही हरवू शकते. पोचेची पोच, तिचीही पोच, असं कितीही केलं तरी दोघांचीही पक्की खात्री कधीच होत नाही, हे सिद्ध करता येतं. ग्रे यांनी डेटाबेसमधल्या, म्हणजे नोंदी साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, व्यवहारांवर जे काम केलं त्यासाठी त्यांना १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. या सगळ्या कामाचा पाया एवढाच आहे की ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘काम झालं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मोंढ्यात या. सोयाबीनच्या हंगामात एका अडतीवरचा घोळ बघायला मला बोलावलं होतं. काट्याजवळ एक कॉम्प्युटर, आत मुनीमजींच्या गादीशेजारी दुसरा, आणि सगळी नोंद जाते ती दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर. तोलारानं वजन पुकारलं, काट्यावरच्या पोरानं शेतकऱ्याचं नाव, कट्टे आणि वजन टाकून ‘सेव्ह’ दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मागं टेम्पोंची रांग, हमाल घाई करतायत, म्हणून त्यानं परत दाबलं. थोड्या वेळानं नेट आलं आणि एकाच मालाच्या दोन हिशोबपट्ट्या तयार झाल्या. संध्याकाळी आवक आणि गोदामातला माल काही जुळेना, आणि जो तो त्या पोरावर ओरडायला लागला.

त्या पोराची काहीच चूक नव्हती. पहिली नोंद वाटेतच हरवली, की ती पोचली आणि नुसतं उत्तर हरवलं, हे त्याला कळायला कुठलाच मार्ग नव्हता. चूक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची होती, कारण यावरचा उपाय कित्येक वर्षांपासून माहीत आहे. काट्यावर नोंद तयार होते त्याच क्षणी, पाठवण्याच्या आधी, तिला तिथल्या तिथं एक वेगळा क्रमांक द्यायचा. बटण कितीदाही दाबलं तरी तो क्रमांक बदलत नाही. सर्व्हरला तो आधी दिसला असेल तर तो नवी पट्टी न करता आधीच्या पट्टीचंच उत्तर परत पाठवतो. एवढं एक शिस्तीनं केलं असतं तर त्या दिवशी पोरानं वैतागून कितीही वेळा बटण दाबलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

लाइट जाण्याचंही तसंच. तुम्ही आधी रोजकीर्द लिहिता आणि मग खतावणी करता. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द शाबूत असते, तीवरून खाती पुन्हा उभी करता येतात. डेटाबेस नेमकं हेच करतो. खरी नोंद बदलण्याआधी ‘मी हे बदलणार आहे’ असं एका वेगळ्या फाइलीत क्रमानं लिहून ती डिस्कवर पक्की करतो. मधेच लाइट गेली तर परत सुरू झाल्यावर ती फाइल वाचतो, पूर्ण झाल्याची नोंद असलेले व्यवहार पुरे करतो आणि अर्धवट राहिलेले मागं घेतो. याची सगळ्यात नीट मांडणी १९९२ साली ‘एरीज’ नावाच्या पद्धतीत झाली. ती करणाऱ्यांत पुढं होते आयबीएममधले सी. मोहन, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. आणि हे फक्त मोठ्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आहे, फुकट आणि सगळ्यांसाठी खुला. लाइट मधेच गेली तरी व्यवहार अर्धवट राहू नये, याची सोय त्यातही आहे.

घड्याळाची गोष्ट तर मोंढ्यात मी नेहमी बघतो. जुन्या कॉम्प्युटरच्या आतली छोटी बॅटरी संपते आणि सकाळी मशीन चालू केलं की तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली असते. कुणाच्या लक्षात येत नाही. मग ‘ज्या नोंदीची वेळ नंतरची ती खरी’ असा नियम असलेलं सॉफ्टवेअर त्या मशीनवर दुपारी सुधारलेला भाव टाकून देतं आणि दुसऱ्या मशीनवरचा सकाळचा चुकीचा भाव ठेवतं. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञानं १९७८ मध्येच सांगून ठेवलंय की वेगवेगळ्या मशीनच्या घड्याळांवर क्रम ठरवू नका. प्रत्येक मशीननं आपला एक आकडा ठेवावा, प्रत्येक घटनेला तो वाढवावा, निरोपासोबत पाठवावा, आणि आलेला आकडा मोठा असेल तर आपला त्याच्याही पुढं न्यावा. मग कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीमुळं घडली, तो क्रम कधी उलटा होत नाही. गुगलनं २०१२ मध्ये स्पॅनर या डेटाबेसची माहिती प्रसिद्ध केली. त्यात घड्याळं जुळवायला जीपीएस आणि अणुघड्याळं वापरली आहेत, आणि तरीही वेळ थोडी चुकू शकते हे धरूनच हिशोब केलाय. परभणीत अणुघड्याळ लागत नाही, लॅम्पोर्ट यांचा साधा आकडा पुरतो.

नेट गेल्यावर काम थांबवायचं की चालू ठेवायचं, यावर तर फार विचार झालाय. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलं आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं, की मशीनमधला संपर्क तुटला की दोनातलं एकच मिळतं: एक तर सगळीकडची नोंद सारखी ठेवा आणि काही कामं नाकारा, नाहीतर काम चालू ठेवा आणि नोंदी काही काळ वेगळ्या पडतील हे स्वीकारा. ॲमेझॉननं २००७ साली ‘डायनॅमो’ या आपल्या डेटाबेसबद्दल लिहिलं तेव्हा दुसरा मार्ग निवडला होता. ग्राहकानं खरेदीच्या यादीत टाकलेली वस्तू कधीही नाकारायची नाही; नंतर दोन प्रती जुळवताना काढून टाकलेली एखादी वस्तू परत दिसली तरी चालेल.

अडतीवर हा निर्णय कामागणिक वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेणारा माणूस तुमच्यासारखाच हवा. वजनाची नोंद नेट नसताना खुशाल घ्यावी. वजनांची बेरीज कुठल्याही क्रमानं केली तरी तीच येते, म्हणून नंतर जुळवताना भांडण होत नाही. पैसे देण्याचं तसं नाही. शेतकऱ्यानं आषाढात उचल घेतलीय आणि ती आतल्या कॉम्प्युटरला माहीत आहे, बाहेरच्याला नाही. अशा वेळी बाहेरच्यानं पूर्ण पट्टी चुकती केली तर उचल वसूल करायला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. म्हणून चुकारा फक्त एकाच ठिकाणाहून, आणि सगळ्या नोंदी जुळल्यावरच. हे इतकं बारीक ज्ञान कुठल्याही कंपनीच्या कार्यालयात बसून मिळत नाही, ते मोंढ्यातच मिळतं.

दुसरा आक्षेप. रेशनच्या मशीनपुढून परत गेलेल्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचा मलाही राग येतो. पण तिथं काय चुकलं ते नीट बघू. काम आपोआप करणारी व्यवस्था आखायची एक सर्वमान्य चित्रलिपी आहे, बीपीएमएन; २००४ साली आली, २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात प्रत्येक कामाच्या चौकटीच्या कडेवर छोटं वर्तुळ काढता येतं: काम फसलं तर इकडं जा, इतक्या वेळात झालं नाही तर तिकडं जा, झालेलं काम उलटवायचं असेल तर असं करा. वाट चुकली तर काय करायचं, याची सोय या विद्येत पहिल्यापासून आहे. अंगठा उमटला नाही तर पुढं काय, ती रेघ ज्यांनी काढली नाही, किंवा काढलेली रेघ ज्यांनी दुकानापर्यंत पोचू दिली नाही, ते जबाबदार आहेत. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजतात हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

रेघ काढली तर काय होतं याचं उदाहरण तुमच्या रोजच्या वापरातलं आहे. १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी ‘सागा’ नावाची कल्पना मांडली. लांबलचक व्यवहार छोट्या पायऱ्यांत तोडायचा, आणि प्रत्येक पायरीसोबत तिला उलटवणारी पायरीही आधीच ठरवून ठेवायची. यूपीआयवर तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर ते परत येतात ते अशाच उलट्या नोंदीनं. त्यामागं नियमही उभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यक्तीला पाठवलेली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेली असेल तर पाच दिवसांत परत आली पाहिजे. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं मागायची वाट न बघता द्यायची. काम आपोआप, दुरुस्ती आपोआप आणि उशिराचा दंडही आपोआप. रेशनच्या दुकानातही धान्य न मिळालेल्या माणसासाठी असंच काही असावं, ही मागणी आपण दोघं मिळून करू शकतो.

पेटंटच्या बाबतीत मी बराचसा तुमच्याच बाजूला आहे. एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीवर ॲमेझॉनला १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि ते २०१७ पर्यंत चाललं. असल्या गोष्टीला मी शोध मानत नाही. आपल्याकडं मात्र पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहे. धंद्याची पद्धत, गणिती पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना त्यानुसार पेटंट मिळत नाही. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून हे कलम सैल करायचा प्रयत्न झाला होता. २००५ मध्ये संसदेनं कायदा करताना तो भाग गाळला. पुढं २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की एखाद्या शोधाचा खरोखर तांत्रिक परिणाम होत असेल तर केवळ संगणक प्रोग्राम म्हणून तो फेटाळू नये. मला ही रेषा योग्य वाटते. पण मी वर सांगितलेले ग्रे, लॅम्पोर्ट, मोहन, गार्सिया-मोलिना यांचे शोध शोधनिबंधांतून छापून जगापुढं ठेवलेले आहेत, आणि अशाच खुल्या संशोधनावर उभा असलेला पोस्टग्रेससारखा डेटाबेस परभणीतला डिप्लोमाचा पोरगाही आज संध्याकाळी फुकट उतरवून घेऊ शकतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, अडतीला काय लागतं. विकायला येणाऱ्याची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि त्याला काट्याजवळ बसवा. नेटची वायर काढायला सांगा, दोन-चार वजनं टाकायला लावा, मधेच मशीनचं बटण बंद करा. परत चालू करून वायर जोडली की टाकलेली सगळी वजनं असली पाहिजेत आणि प्रत्येक एकदाच. मग एक पट्टी मुद्दाम चुकीची करून दुरुस्त करून दाखवायला सांगा. जुनी नोंद पुसली गेली तर नको म्हणा. जुनी नोंद, उलटी नोंद, नवी नोंद आणि करणाऱ्याचं नाव, हे चारही दिसायला हवं. सगळा हिशोब एका साध्या फाइलीत रोज रात्री तुमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरतो का, तेही बघा, कारण कंपनी बंद पडली तरी शेतकऱ्यांची खाती तुमच्याकडं राहिली पाहिजेत. ही परीक्षा गणपतीच्या आसपास उरकून घ्या. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक वाढली की काट्यावर मान वर करायलाही कुणाला सवड नसते. परीक्षेच्या दिवशी बोलावलंत तर मी येईन.