‘बॅकस्लॅश दुप्पट करा, झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार. विंडोजच्या कमांड-ओळीत अवतरणचिन्हं आणि बॅकस्लॅश (\) कसे वाचले जातात, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणारही नाही. पण “बॅकस्लॅश दिसला की दोनदा लिहायचा, एवढीशी गोष्ट, त्यावर लेख कसला? आधी वाचत चला, मग लिहीत चला” ही काय बोलायची रीत झाली? ओळखदेख नसलेल्या माणसाशी आमच्या कोल्हापुरात असं कुणी बोलत नाही.

वाचण्याचंच म्हणाल, तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपांचे हिशेबाचे पीसी सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रात्री बॅकअप लागायचा आणि सकाळी मालकांचा फोन यायचा, प्रत कुठाय? घोळ असल्या ओळीत असायचा (रोबोकॉपी म्हणजे विंडोजची फाइलींची नक्कल करणारी आज्ञा):

रोबोकॉपी "डी:\जमा खर्च\" "ई:\प्रत"

शेवटचा बॅकस्लॅश पुढच्या अवतरणाला चिकटतो, अवतरण बंदच होत नाही आणि दोन्ही पाथ (फोल्डरचे पत्ते) मिळून एकच आर्ग्युमेंट, म्हणजे आज्ञेला दिलेला एकच तुकडा होतो. तेव्हा नियम शब्दन् शब्द वाचले साहेब, त्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लिनक्समध्ये अवतरणं शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) सोडवतो आणि प्रोग्रामच्या हाती सुटे तुकडे पडतात. विंडोजमध्ये क्रिएटप्रोसेस (प्रोग्राम सुरू करणारं विंडोजचं फंक्शन) अख्खी ओळ तशीच पुढं देतो, तुकडे प्रोग्रामनं स्वतः पाडायचे. हे काम बहुतेक प्रोग्रामांसाठी मायक्रोसॉफ्टचं सी रनटाइम (सी भाषेतल्या प्रोग्रामांसोबतचा तयार कोड) करतं, त्याचा नियम असा: लगेच पुढं दुहेरी अवतरण असेल तरच बॅकस्लॅश खास, एरवी ते साधं अक्षर. अवतरणाआधी बॅकस्लॅश सम संख्येनं असतील तर निम्मे उरतात आणि अवतरण आपलं उघडझाकीचं काम करतं. विषम असतील तर जोडीतला एकेक उरतो आणि अवतरण नुसतं अक्षर बनतं.

म्हणजे वरच्या ओळीत दुप्पट करायचा तो फक्त ‘खर्च’नंतरचा. मधले दुप्पट केलेत तर दुप्पटच पोचतात. पाथला ते बहुधा खपतं, रेगेक्सचा (मजकूर शोधायच्या सूत्राचा) मात्र अर्थच बदलतो. तुमचा सल्ला नवख्या पोरांनी ऐकला तर निस्तरणार कोण? बॅच फाइलला (आज्ञांची यादी असलेल्या फाइलला) आर्ग्युमेंट देताना तर सीएमडीचे, म्हणजे ती फाइल चालवणाऱ्या विंडोजच्या जुन्या शेलचे, नियम आणखी निराळे. तिथल्या त्रुटीपायी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेला एप्रिल 2024 मध्ये 1.77.2 ही सुरक्षा-दुरुस्ती काढावी लागली. ही एवढीशी गोष्ट?

पॉवरशेल (विंडोजचं नवं शेल) मी लेखात एका ओळीत उरकलं, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. त्याच्या 7.3 आवृत्तीपासून तिथली पद्धत बदलली, त्यावर वेगळं लिहीन. उदाहरणं जुनी, फॉन्ट बारीक वगैरेंवर मला काही बोलायचं नाही.

पुढची प्रतिक्रिया टाकण्याआधी वरची ओळ एखाद्या रिकाम्या फोल्डरवर चालवून बघा आणि काय दिसलं ते इथंच लिहा.